लिंक बदला, पण जुनी चालू ठेवून

फोंड्याच्या एका निवृत्त शिक्षिकेचं पत्र आलंय, थोडं कापून देतोय:

"मी २०१३ पासून मराठीत ब्लॉग लिहिते. गोव्यातल्या जत्रा, चवथीची माटोळी (गणपतीच्या वर टांगतात ती फळापानांची चौकट), शिगमो, घरचे पदार्थ, असं सगळं. आधी ब्लॉगरवर होता, २०१७ साली तेच डोमेन ठेवून वर्डप्रेसवर आणला. आता साडेचारशेच्या आसपास पोस्ट आहेत. लिंकमध्ये आधी वर्ष, मग महिना, मग मराठीत नाव. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली की टक्के-टक्के असलेली हातभर लांब ओळ दिसते आणि लोक विचारतात, बाई, व्हायरस तर नाही ना? पुण्याचा भाचा म्हणतो वर्ष-महिना काढून टाक, नावं इंग्रजी अक्षरांत कर, सेटिंग बदललं की दोन मिनिटांत होतं, शिवाय गूगलवर वर येशील. पण आमच्या देवळाच्या समितीने जत्रेच्या स्मरणिकेत माझ्या लेखाचा क्यूआर कोड छापलाय, कितीतरी जणांनी लिंक जपून ठेवल्यात. त्या बंद पडल्या तर? करू की नको?"

ताई, भाच्याचं अर्धं बरोबर आहे. सेटिंग खरंच दोन मिनिटांचं आहे. सेटिंग्जमध्ये परमालिंक्स, तिथे 'पोस्ट नेम' निवडलं आणि सेव्ह केलं की झालं, साडेचारशे पोस्टचे पत्ते एका क्लिकमध्ये बदलले. गोची तिथेच आहे, कारण त्या क्लिकनंतर तुमचा ब्लॉग तुम्हाला अगदी व्यवस्थित दिसतो, होमपेजवरून कुठेही जा सगळं उघडतं, आणि फुटलेलं असतं ते फक्त त्या माणसासाठी जो म्हार्दोळला बसून तीन वर्षांपूर्वीचा मेसेज उघडतोय. तो काही तुम्हाला फोन करून सांगणार नाही.

गूगलवर वर येण्याचं मात्र डोक्यातून काढा. लिंकमधल्या शब्दांचा रँकिंगवर परिणाम अगदीच किरकोळ असतो, आणि लिंकमध्ये वाचकांच्या भाषेतले शब्द वापरा असं गूगल स्वतःच सांगतं, म्हणजे देवनागरी नाव ही काही चूक नाहीये. फक्त रँकिंगसाठी चालू लिंक बदलायच्या असतील तर माझं उत्तर सरळ नको. पण तुमच्याकडे दोन खरी कारणं आहेत. एक, पातोळ्यांच्या रेसिपीच्या लिंकमध्ये २०१४ दिसलं की लोकांना ती शिळी वाटते, आणि पातोळ्यांना कसलं आलंय साल. दुसरं म्हणजे ते टक्के.

टक्क्यांचं आधी बघू, कारण त्यात दिसण्यापलीकडचीही एक भानगड आहे. देवनागरीचं एक अक्षर साठवायला तीन बाइट लागतात, लिंकमध्ये दर बाइट टक्का आणि दोन चिन्हं असा लिहिला जातो, म्हणजे एका अक्षराची नऊ चिन्हं झाली, आणि काना-मात्रा-वेलांटी हलंत सगळं वेगळं मोजलं जातं. 'माटोळी' हा तीन अक्षरांचा शब्द लिंकमध्ये चोपन्न चिन्हांचा होतो. वर्डप्रेस पोस्टच्या नावाला जागा देतं फक्त २००. आता समजा पोस्टचं शीर्षक आहे 'गोव्यातील चवथीची माटोळी आणि तिच्यातली रानफळं', तर 'माटोळी' संपेपर्यंतच १९१ चिन्हं होतात, पुढचा 'आणि' बसत नाही, आणि लिंक 'गोव्यातील-चवथीची-माटोळी' इथेच तुटते. पुढच्या वर्षी तुम्ही 'गोव्यातील चवथीची माटोळी: बाजारातले भाव' लिहिलंत की तेही तिथेच तुटणार, आणि दोन पोस्टना एक नाव चालत नाही म्हणून वर्डप्रेस शेवटी '-२' चिकटवणार. तुमच्या ब्लॉगवर चवथीच्या पोस्ट उघडून बघा, हे '-२', '-३' सापडतीलच. रानफळं कुठल्या लिंकमध्ये आणि भाव कुठल्या, हे लिंक बघून तुम्हालाही सांगता यायचं नाही.

तर भाच्याने दोन वेगळी कामं एकत्र बांधलीयत, ती आधी सोडवा. वर्ष-महिना काढणं हे सरसकट काम आहे, सगळ्या पोस्टना एकच नियम लागतो. मराठी नावाचं रोमन अक्षरांत करणं हे एकेका पोस्टचं काम, त्याला नियम नाही, कारण कुठलं नाव काय होणार हे तुमच्याशिवाय कुणालाच माहीत नाही. साडेचारशे पोस्टचं करत बसू नका. आजपासूनच्या नव्या पोस्टना छोटी रोमन नावं द्या, त्यांना रीडायरेक्ट, म्हणजे जुन्या पत्त्यावरून नव्यावर पाठवायची सोय, वगैरे काहीच लागत नाही. जुन्यांपैकी ज्या दरवर्षी फिरतात, चवथ, शिगमो, लईराई देवीची जत्रा, पातोळ्या, अशा वीस-तीस निवडा आणि तेवढ्याच बदला. बाकीच्यांची नावं मराठीतच राहू देत, कुणाचं काही बिघडत नाही.

आणि नवा ढाचा ठरवताना लिंकमध्ये कॅटेगरी घालायचा मोह टाळा. आज 'जत्रा' म्हणाल, उद्या 'उत्सव' म्हणावंसं वाटेल, की परत सगळ्या लिंक हलल्या. नुसतं पोस्टचं नाव पुरे. ज्या पोस्टना सालाचं महत्त्व आहे, म्हणजे अमुक वर्षीच्या शिरगावच्या जत्रेचा वृत्तांत, तिथे साल नावातच घाला. आणि एक तपासून घ्या, 'शिगमो' नावाचं पान पण आहे आणि 'शिगमो' नावाची पोस्ट पण, असं कुठे आहे का? वर्ष-महिना मध्ये होता तोवर दोघांचे पत्ते वेगळे होते, तो गेला की दोघे एकाच पत्त्यावर येतात आणि उघडणार एकच.

आता रीडायरेक्ट. जुन्या पत्त्यावर कुणी आलं की सर्व्हर त्याला सांगतो इथे नाही, तिथे जा, आणि ब्राउझर निमूट जातो, माणसाला कळतही नाही. सांगताना तो एक आकडा देतो. ३०१ म्हणजे कायमचं हलवलंय, ३०२ म्हणजे तात्पुरतं. तुम्हाला हवाय तो ३०१, त्यानेच गूगलला कळतं की जुन्या पत्त्याची पुण्याई नव्याला द्यायची, आणि त्यात काही गळती होत नाही हे गूगलच्या लोकांनी २०१६ मध्येच सांगून टाकलंय. पण सुरुवात ३०२ ने करा, कारण ३०१ ब्राउझर लक्षात ठेवतो. चुकीचा ३०१ लावलात आणि लगेच दुरुस्त केलात तरी मधल्या काळात जो येऊन गेला त्याचा फोन पुढेही चुकीच्याच ठिकाणी जात राहू शकतो. आधी ३०२ लावून दहा-बारा लिंक तपासा, सगळं ठीक वाटलं की ३०१ करा.

सेटिंगला हात लावायच्या आधी बॅकअप, डेटाबेस आणि फाइली दोन्ही, आणि तो होस्टिंगवर नाही, स्वतःच्या कॉम्प्युटरवर उतरवून. मग यादी. वर्डप्रेस २०२० पासून साइटमॅप, म्हणजे सगळ्या पानांची यादी, आपोआप बनवतं, त्यात तुमच्या सगळ्या आजच्या लिंक असतात, त्या एक्सेलमध्ये पहिल्या रकान्यात टाका, दुसऱ्या रकान्यात नवा पत्ता. सर्च कन्सोल, म्हणजे साइटवाल्यांसाठीचं गूगलचं टूल, जोडलेलं असेल तर तिथून गेल्या सोळा महिन्यांत गूगलवरून कुठल्या पानांवर लोक आले ते मिळेल, बाहेरच्या कुठल्या साइटनी तुमच्या कुठल्या पानाला लिंक दिलीय तेही. आणि क्यूआर कोड. स्मरणिका हातात घ्या, फोनने स्कॅन करा, जो पत्ता येतो तो जसाच्या तसा यादीत सगळ्यात वर. छापलेला कोड तुम्ही बदलू शकत नाही, त्यामुळे ती एक लिंक बाकी सगळ्यांपेक्षा जास्त जपायची.

काम करायला 'रीडायरेक्शन' नावाचं फुकट प्लगइन (वर्डप्रेसला जोडायची जादा सोय) आहे, तेच घ्या. त्यात साइटच्या टॅबमध्ये जुन्या परमालिंकचा ढाचा भरून ठेवायची सोय आहे, वर्ष-महिना-नाव असा जुना ढाचा तिथे टाकलात की जुन्या लिंकवरून नव्यावर पाठवायचं काम ते स्वतः करतं, नियम लिहायची कटकट नाही. भाचा आयटीतला असल्यामुळे तो म्हणेल प्लगइन कशाला, डॉट एचटीअ‍ॅक्सेस नावाच्या सर्व्हरच्या सूचना-फाइलमध्ये एका ओळीत होतं. होतं, तो चुकीचा नाही. पण त्या ओळीत 'चार आकडे, दोन आकडे, मग काहीतरी' असा पॅटर्न लिहिताना पत्त्याच्या अगदी सुरुवातीपासून जुळव असं सांगायचं राहिलं तर काय होतं बघा, तुमचे सगळे फोटो 'अपलोड्स' फोल्डरात वर्ष-महिन्यानेच लावलेले असतात, तेही त्या पॅटर्नमध्ये सापडतात आणि ब्लॉगवरचे सगळे फोटो गुल. शिवाय त्या फाइलमधला 'बिगिन वर्डप्रेस' ते 'एंड वर्डप्रेस' हा भाग वर्डप्रेस स्वतः पुन्हा पुन्हा लिहितं, त्याच्या आत टाकलेलं काहीही कधीतरी पुसलं जाणार, टाकायचंच तर त्याच्या वर टाकावं लागतं.

तुमच्या बाबतीत प्लगइनच का, याचं आणखी एक कारण म्हणजे ब्लॉगरच्या काळातल्या लिंक. ब्लॉगर मराठी शीर्षकाचं नाव बनवतच नाही, त्यामुळे तुमच्या २०१३ ते २०१७ मधल्या लिंक वर्ष, महिना आणि मग 'ब्लॉग-पोस्ट' पुढे एखादा आकडा आणि शेवटी एचटीएमएल, अशा असणार. २०१७ साली ज्याने ब्लॉग हलवून दिला त्याने या लिंकना रीडायरेक्ट लावलेत का ते आधी बघा, एखादी जुनी लिंक उघडून. लावले असतील तर लक्षात घ्या की यांचाही चेहरा वर्ष-महिना-नाव असाच आहे, म्हणजे भाच्याची ती एक ओळ यांनाही गिळणार, वर्ष-महिना काढून 'ब्लॉग-पोस्ट' उरलेल्या पत्त्यावर पाठवणार, आणि तिथे काहीच नाही. आणि फाइलमधला नियम प्लगइनच्या आधी चालतो, त्यामुळे प्लगइनमध्ये ब्लॉगरचे नियम नीट असले तरी त्यांची पाळीच येत नाही. सगळे नियम एकाच ठिकाणी ठेवा, एकेका लिंकचे नेमके नियम वर, सरसकटचा खाली.

आणि ब्लॉगरचे ते जुने रीडायरेक्ट आज वर्ष-महिन्याच्या लिंककडे बोट दाखवतायत, तिथून नवा रीडायरेक्ट पुढे पाठवणार, आणि त्या पोस्टचं नाव रोमन केलं असेल तर तिथून अजून पुढे. म्हापशाहून पणजीला जायला आधी डिचोली, मग सांखळी, असला प्रकार. माणूस पोचतो, गूगलचा बॉट, म्हणजे पानं वाचत फिरणारा प्रोग्रॅम, तोही दहा उड्यांपर्यंत मागे येतो, पण आपल्याकडे पावसात नेटवर्कची जी अवस्था असते त्यात दर उडीला दोन-दोन सेकंद गोल फिरत राहतं आणि लोक बंद करून जातात. म्हणून यादीत प्रत्येक जुन्या पत्त्यासमोर शेवटचाच पत्ता लिहा आणि नियम थेट तिथला करा. ज्या वीस-तीस पोस्टची नावं बदलताय त्यांना तर हाताने नियम घाला, वर्ष-महिन्याच्या मराठी लिंकवरून थेट नव्या रोमन लिंकवर. वर्डप्रेस पोस्टचं जुनं नाव लक्षात ठेवतं हे खरंय, आणि पत्ता सापडला नाही की सारख्या सुरुवातीच्या नावाची पोस्ट शोधून तिकडे पाठवतंही, पण तो अंदाज असतो. 'गोव्यातील-चवथीची-माटोळी' आणि त्याचीच '-२' वाली, यातली कुठली हवी होती ते त्याला कसं कळणार? भाच्याने स्वतःच्या साइटवर ढाचा बदलला असेल आणि आपोआप चाललं असेल, तर ते या अंदाजामुळे.

नियम भरताना टक्क्यांची माळ कॉपी करू नका, सरळ देवनागरीत नाव लिहा, वाचताही येतं आणि तपासताही. फेसबुकवरून आलेल्या लिंकच्या शेवटी प्रश्नचिन्ह आणि मग एक लांबलचक शेपूट असतं, ते फेसबुक स्वतः लावतं. त्या शेपटासकट आलेली लिंकही जुळली पाहिजे, म्हणून प्लगइनमध्ये त्या शेपटाच्या, म्हणजे क्वेरी पॅरामीटरच्या, पर्यायात दुर्लक्ष करून पुढे पाठव असा जो आहे तो निवडा. हे राहिलं तर काय होतं माहितीये, तुम्ही तपासता तेव्हा सगळं चालतं आणि फेसबुकवरून येणारा प्रत्येक जण आपटतो.

मग तुमच्याच लेखांमधल्या लिंक, 'मागच्या वर्षी इथे लिहिलं होतं' वगैरे. त्या रीडायरेक्टवर सोडू नका, बदलून टाका. 'बेटर सर्च रिप्लेस' सारखं प्लगइन सगळीकडे शोधून बदलतं, त्यात आधी ड्राय रन करता येतं, म्हणजे किती ठिकाणी बदलेल ते नुसतं दाखवतं, ते नक्की करा. जीयूआयडी (पोस्टची कायमची ओळख) बदलायचा का असं विचारेल, तिथे टिक लावू नका, नाहीतर फीडवरून वाचणाऱ्यांना जुन्या पोस्ट नव्या म्हणून परत जाऊ शकतात. कॅशचं, म्हणजे पानांच्या तयार प्रती साठवून ठेवणारं, प्लगइन असेल तर शेवटी कॅश साफ करा.

तपासायचं इनकॉग्निटोमध्ये, आणि दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवर. ब्लॉगरची एक लिंक, मराठी नावाची एक, नाव बदललेली एक, फेसबुकवरून एक, '-२' वाली एक, आणि क्यूआर कोड. नुसतं पान उघडलं म्हणून खूश होऊ नका, बरोबर पान उघडलं का ते बघा.

नंतरचे काही आठवडे सर्च कन्सोलमध्ये आकडे वरखाली होतील. 'पेज विथ रीडायरेक्ट' खाली शेकडो लिंक दिसतील आणि त्या इंडेक्समध्ये (गूगलच्या यादीत) नाहीत असं लिहिलेलं असेल, ते बघून घाबरून सगळं उलटं फिरवू नका, जुन्या लिंकच्या बाबतीत नेमकं तेच व्हायला हवंय. साइटमॅप परत सबमिट करा. 'चेंज ऑफ अ‍ॅड्रेस' नावाचं टूल दिसेल, ते डोमेन बदलणाऱ्यांसाठी आहे, तुमच्यासाठी नाही. प्लगइनमध्ये ४०४ चा, म्हणजे 'पान सापडलं नाही' याचा, लॉग असतो, तो पहिले आठ दिवस रोज चहा घेताना बघा, कुठली जुनी लिंक सुटली ते तिथेच कळतं. ज्या पोस्ट तुम्ही काढूनच टाकल्यात त्या ४०४ राहू देत. सुटलेलं सगळं होमपेजवर ढकलायचा सल्ला कुणीतरी देईलच, तो ऐकू नका. माटोळी शोधत आलेल्या माणसाला होमपेज देऊन काय उपयोग, आणि गूगलही त्याला सॉफ्ट ४०४ म्हणूनच धरतं.

कधी करायचं? चवथीच्या आधीच्या महिन्यात तर मुळीच नको, तुमचा सगळा वाचक तेव्हाच येत असणार. एप्रिल-मेमध्येही नको, लईराईच्या जत्रेच्या पोस्ट तेव्हा फिरतात. दिवाळी उरकल्यानंतरचे शांत दिवस बघा, आणि अशा दिवशी बसा की लाईट गेली तरी इन्व्हर्टर आहे, कारण ढाचा बदललाय आणि नियम अर्धेच भरलेत या अवस्थेत अडकणं वाईट.

रीडायरेक्ट किती दिवस ठेवायचे, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण भाचा वर्षभराने साफसफाई करायला येईल म्हणून सांगतो. गूगल म्हणतं जितके जास्त दिवस ठेवता येतील तितके, निदान एक वर्ष. ते गूगलपुरतं झालं. स्मरणिका लोकांच्या कपाटात दहा-पंधरा वर्षं पडून असते, आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे जुने मेसेज दर चवथीला परत फिरतात, तेव्हा तुम्ही ते कधीच काढू नका. नियमांचं काही ओझं होत नाही. पुढे कधी होस्टिंग बदललंत तर प्लगइनमधून सगळे नियम एक्सपोर्ट करून घ्या आणि ती एक्सेलची यादी नव्या माणसाच्या हातात द्या, कारण तो पोस्ट आणि फोटो आठवणीने हलवेल, आणि नियम डॉट एचटीअ‍ॅक्सेसमध्ये असतील तर ती फाइल तशीच मागे राहील.